आडवा वारा आणि रिकामी गाडी

गाडी जितकी जड, तितकी ती वाऱ्याला कमी जुमानते, असे आपल्याकडचे बहुतेक चालक धरून चालतात. म्हणून सोसाट्याचा वारा सुटला की दुचाकीवाला धास्तावतो आणि कंटेनरवाला निर्धास्त राहतो. हा समज अर्धाच खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच तो जास्त घात करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आडव्या वाऱ्यात गाडीचे काय होईल ते नुसत्या वजनावर ठरत नाही. वाऱ्याला तिची किती बाजू सापडते, ती बाजू जमिनीपासून किती उंच आहे आणि त्या क्षणी गाडी किती वेगात आहे, हेही तेवढेच महत्त्वाचे असते. बाजू आणि उंची गाडी निघण्यापूर्वीच ठरलेली असते. रस्त्याला लागल्यावर चालकाच्या हातात वेग तेवढा उरतो.

आकडे मांडले तर हे लवकर पटेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. चाळीस फुटी कंटेनरची एक बाजू साधारण ३१ चौरस मीटर भरते. ताशी ४० किलोमीटरचा वारा त्या बाजूवर सरळ आदळला तर सुमारे २४० किलो वजनाइतका रेटा बसतो, आणि ताशी ८० किलोमीटरला तोच साडेनऊशे किलोंच्या आसपास जातो. कंटेनर भरलेला असो वा रिकामा, रेटा तेवढाच. फरक पडतो तो गाडीला जमिनीशी धरून ठेवणाऱ्या वजनात, आणि रिकाम्या ट्रेलरचे एकूण वजन भरलेल्याच्या निम्म्याहूनही खाली येते. त्यात हा रेटा चाकांपाशी बसत नाही, माणसाच्या डोक्याच्याही वर बसतो. उभे कपाट खालून ढकलले तर सरकते आणि वरून ढकलले तर कलंडते, तोच हिशेब इथे लागू होतो. म्हणून माल उतरवून परतणारी मोकळी गाडी सांभाळायला हलकी वाटते, पण वाऱ्यात तीच जास्त जपावी लागते.

यावर कुणी म्हणेल, ‘आमची गाडी भरलेली असते, मग काळजी कशाची?’ भरलेली आहे खरी, पण कशाने, ते पाहायला हवे. कापूस, थर्माकोल, रिकामे क्रेट, वेफर्सची खोकी यांनी हौदा छतापर्यंत भरतो, पण वजनात फारशी भर पडत नाही. कडब्याची गाडी तर याहून वाईट, कारण कडबा हौद्याच्या बाहेर आणि वरही रचलेला असतो. बाजू वाढते, उंची वाढते, वजन मात्र त्या मानाने वाढत नाही. कडब्याची वाहतूक जोरात असते ती उन्हाळ्यात, आणि वळवाचे ढग जमतात तेही एप्रिल-मे महिन्यांतच. वळवाचा वारा पाऊस पडायच्या आधी एकदम जमिनीवर कोसळतो आणि चारी दिशांना पसरतो. दुपारनंतर क्षितिजावर काळे ढग आणि त्यांच्याखाली धुळीची भिंत दिसली, तर अशा गाडीने मोकळ्या माळावर पुढे जाऊच नये. ब्रिटनमध्ये २५ जानेवारी १९९० रोजी मोठे वादळ झाले. त्यातल्या वाऱ्याने घडलेल्या अपघातांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा सर्वांत मोठा वाटा गाड्या उलटण्याचा निघाला, आणि अपघातग्रस्तांत उंच बाजूंचे ट्रक आणि व्हॅन मोटारींपेक्षा कितीतरी जास्त होत्या. वजनच सगळे ठरवत असते तर हे चित्र उलटे दिसले असते.

मोटारीची गोष्ट वेगळी आहे. ती सहसा उलटत नाही, वाट सोडते. वाऱ्याचा एकवटलेला रेटा बहुधा गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे बसतो, त्यामुळे नाक वाऱ्याबरोबर वळायला बघते. सुट्टीला निघालेले कुटुंब डिकी खच्चून भरते, उरलेले सामान टपावरच्या कॅरियरवर बांधते, आणि नकळत दोन्ही बाजूंनी स्वतःचे नुकसान करते. मागे टाकलेल्या वजनाने गुरुत्वमध्य आणखी मागे सरकतो आणि टपावरच्या बोजाने वाऱ्याला जादा बाजू मिळते. जड सामान मागच्या सीटला टेकवून खाली ठेवावे आणि पावसाळ्यात टप शक्यतो मोकळा ठेवावा. अरुंद आणि उंच बांधणीच्या हलक्या व्हॅन, तसेच मागे बंद पेटी बसवलेला छोटा हत्ती, यांना मोटारीचा आणि ट्रकचा असे दोन्ही दोष चिकटलेले असतात. रिक्षाला पुढे एकच चाक, आणि पावसात तिच्या बाजूंचे पडदे सोडले की वारा आरपार जाण्याची सोय संपते. खाडीपुलावर चढण्यापूर्वी पडदे गुंडाळले तर प्रवासी थोडे भिजतील, पण रिक्षा ताब्यात राहील.

दुचाकीला वाऱ्यात झुकावे लागते आणि ती झुकूनच तोल राखते. त्यामुळे एकसारख्या वाऱ्यात सवयीचा चालक नीट जातो. त्याचा घात होतो तो झोत अचानक थांबतो तेव्हा, कारण तो ज्या बाजूला झुकलेला असतो त्याच बाजूला गाडी ओढली जाते. हँडल घट्ट आवळून धरणे ही अशा वेळची पहिली आणि चुकीची प्रतिक्रिया. खांद्याला बसलेला प्रत्येक हिसका मग थेट पुढच्या चाकात उतरतो. टाकी गुडघ्यांनी धरावी, हात सैल ठेवावेत, अंग थोडे खाली घ्यावे. स्कूटरला धरायला टाकी नसते, चाके लहान असतात आणि पुढचा पत्रा वारा झेलतो, म्हणून तिने आणखी हळू जावे. सैल फडफडणारा रेनकोट शिडासारखा भरतो, तो कमरेशी बांधावा. आणि एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो: मागे बसलेल्याने चालत्या गाडीवर छत्री उघडू नये. गावागावांत हे दृश्य इतके नेहमीचे झाले आहे की त्यातला धोका कुणाला जाणवत नाही. छत्री उलटली की मागच्या माणसाचा तोल जातो आणि त्याच्याबरोबर गाडीचाही.

दुचाकीबद्दल म्हटले ते सगळ्याच वाहनांना लागू आहे: वाऱ्यापेक्षा वाऱ्यातला बदल अधिक वाईट. मुंबई-गोवा महामार्ग साधारण उत्तर-दक्षिण जातो आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे जवळजवळ आडवाच. मुंबईकडे जाताना तो डावीकडून लागतो आणि चालक नकळत स्टिअरिंग किंचित डावीकडे धरून चालवत असतो. अशात उजवीकडून कंटेनरला ओव्हरटेक करायला घेतले की कंटेनर वारा अडवतो, आणि डावीकडे धरलेली गाडी कंटेनरकडेच सरकू लागते. चालक सावरून स्टिअरिंग सरळ करतो न करतो तोच कंटेनरचे नाक मागे पडते, पूर्ण झोत आदळतो आणि गाडी उजवीकडे फेकली जाते. दुपदरी पट्ट्यात तिथे समोरून येणारी वाहने असतात. गोव्याकडे जाताना वारा उजवीकडून येतो, तेव्हा ओव्हरटेक करणारी गाडी पूर्ण वेळ कंटेनरच्या दिशेने रेटली जाते. म्हणून जोराच्या वाऱ्यात ओव्हरटेक टाळावे, आणि करायचेच असेल तर मध्ये नेहमीपेक्षा जास्त अंतर सोडून करावे. डोंगर फोडून काढलेली खिंड संपते तिथे आणि पुलाच्या सुरुवातीलाही नेमका असाच झटका बसतो.

आता वेगाचा मुद्दा. ‘वेगात गाडी रस्त्याला धरून राहते, हळू गेलो तर उलट वाऱ्यात जास्त वेळ अडकू’, हे मी अनेकदा ऐकले आहे, आणि ते सपशेल चुकीचे आहे. गाडीवर बाजूने बसणारा रेटा फक्त वाऱ्याच्या वेगावर अवलंबून नसतो, गाडीच्या वेगाबरोबर तोही वाढतो. बाहेर ताशी ४० किलोमीटरचा आडवा वारा असेल, तर ८० ऐवजी ४० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीवर हा रेटा बराच कमी होतो. शिवाय ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. मार्गिका साडेतीन मीटर रुंद, साधी मोटार पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे प्रत्येक बाजूला मोकळी जागा जेमतेम ९० सेंटिमीटर. झोत जाणवून हात वळेपर्यंत सेकंदभर जातो. ओल्या रस्त्यावर टायरची पकडही कमी झालेली असते. मागून कुणी धडकेल ही भीती रास्त आहे, पण तिच्यावर तोडगा आहे: डाव्या मार्गिकेत यावे, दिवे लावावेत आणि वेग टप्प्याटप्प्याने, झटका येण्याच्या आधी उतरवावा. झोत बसल्यावर करकचून ब्रेक दाबणे हे घातकच. पुलाच्या मध्यावर थांबूही नये. नव्या गाड्यांतली स्थिरता राखणारी यंत्रणा एखादे चाक ब्रेक करून नाक सरळ आणते, तिचा उपयोग निश्चित आहे. पण तीही टायरच्या पकडीवरच चालते, आणि उंच हौदा कलंडू लागला तर तिच्या हातात फार काही उरत नाही.

रेल्वे आपल्या रस्त्यांपेक्षा याबाबत पुढे आहे. पांबनच्या जुन्या पुलावर वारा ताशी ५८ किलोमीटरच्या पुढे गेला की गाड्या थांबवल्या जात. कोकण रेल्वेनेही पानवलसारख्या उंच पुलांवर वारा मोजणारी यंत्रे बसवली आहेत. शेकडो टनांची गाडी रुळांवर असूनही थांबवली जाते, मग मोकळा कंटेनर घेऊन निघालेल्याने ‘मला काय होणार’ म्हणणे पटत नाही. रस्त्यावर सगळीकडे असे यंत्र नसते, तेव्हा खुणा वाचाव्या लागतात. चाळकेवाडीच्या पठारावर किंवा साक्रीजवळ ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या तिथे वारा भरपूर असल्यामुळेच. एकाच दिशेला वाकून वाढलेली झाडे हीही तशीच खूण. सी-लिंक आणि अटल सेतू यांवर दुचाकींना बंदी आहे, पण वाशीचा खाडीपूल किंवा रत्नागिरीजवळचा भाट्ये पूल दुचाकीवाले रोज ओलांडतात. हवामान खात्याचा ताशी ४० ते ५० किलोमीटरचा इशारा वाचताना मधूनच येणारे झोत त्याहून बरेच जोरदार असू शकतात, हे धरून चालावे.

यातले काही निर्णय चालकाच्या हाती नसतात, आणि तिथे वाहनमालकांनी पुढे यायला हवे. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी मोकळी गाडी परत बोलावण्याची घाई करू नये. परतीचा माल मिळेपर्यंत किंवा वारा पडेपर्यंत ती उभी ठेवावी. बंद हौद्याऐवजी ताडपत्रीची गाडी मोकळी परतत असेल तर ताडपत्री सोडून खाली गुंडाळून ठेवावी, म्हणजे वारा सांगाड्यातून निघून जातो. हलका माल असेल तर तो छतापर्यंत न रचता खालच्या अर्ध्यात पसरून बांधावा, भले एक फेरी वाढो. आणि वारा आहे म्हणून ढाब्यावर दोन तास थांबलो, असे चालकाने कळवले तर उशिराचे पैसे त्याच्या भत्त्यातून कापू नयेत.