हिवाळ्यातील कोरडा चेहरा आणि रात्रीचे भिरंडेल

मार्गशीर्ष लागला की इब्रामपूरची सकाळ पालटते. समुद्रावरील दमट वारे मागे पडतात आणि सह्याद्रीच्या बाजूने थंड, कोरडा वारा वाहू लागतो. भूगोलाच्या पुस्तकातील मतलई वारा तो हाच. या दिवसांत हजेरी घेताना आमच्या दृष्टीस फुटलेले ओठ, ताणलेले गाल आणि कित्येक मुलांच्या चेहऱ्यावरील पांढुरके चट्टे पडतात. निजण्यापूर्वी चेहऱ्यास काही लावावे, असे घरची वडीलधारी माणसे सांगतातच. परंतु ते का लावावयाचे, याचा विचार सहसा होत नाही.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तो आपल्या चिऱ्यांच्या भिंतीसारखा आहे असे समजावे. पेशी हे चिरे, आणि त्यांना सांधणारी स्निग्ध द्रव्ये हा चुना. कढत पाणी आणि साबणाचा अतिरेक यांनी हा चुना धुपतो, फटी पडतात आणि शरीरातील पाण्याची वाफ त्यांतून बाहेर जाते. ही वाफ दिवसापेक्षा रात्री अधिक निघते, असे संशोधकांना आढळले आहे. रात्रीच्या लेपाचे महत्त्व ते हेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तेल त्वचेस पाणी देत नाही. असलेले पाणी बाहेर जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. म्हणून कोरड्या ठणठणीत गालावर तेल चोळण्यात फारसा लाभ नाही. कोमट पाण्याने तोंड धुवावे, पंचाने हलके टिपावे आणि ओल पुरती सुकण्यापूर्वीच लेप लावावा. ग्लिसरीनची रीत निराळी. ते पाणी ओढून घेते, म्हणून नुसते न लावता पाण्यात मिसळून लावावे.

आमच्या कुळागरांत या कामाचे उत्तम द्रव्य आहे. सिंधुदुर्गातील शेजारी ज्यास रातांबा म्हणतात ते आम्हां कोकणी बोलणाऱ्यांचे भिरंड. फळे चैत्र-वैशाखात पिकतात. सोले काढल्यावर उरलेल्या बिया वाळवून, फोडून आतील गर कुटतात व पाण्यात उकळतात. वर आलेला तवंग निवला की थिजतो, आणि त्याचे मुठीत गोळे वळतात. हेच भिरंडेल, काही ठिकाणी त्याला मुठेल असेही म्हणतात. खोबरेल सुमारे २५ अंशांस वितळते, तर भिरंडेलास जवळजवळ ४० अंश लागतात. त्यामुळे ते चेहऱ्यावरून ओघळत नाही, रात्रभर टिकते. पण नुसता गोळा गालावर फिरवला तर नीट पसरतही नाही. वाटीत थोडे खोबरेल घेऊन त्यात भिरंडेलाचा कीस घालावा, वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवावी आणि मिश्रण निवल्यावर बोटभर लावावे. टाचांसाठी आजीबाई गोळा निखाऱ्यावर धरतात. ती रीत चेहऱ्यास नको!

ज्यांच्या घरी भिरंडेल नाही त्यांनी व्हॅसलीन वापरण्यास आमची हरकत नाही. चेजब्रो नावाच्या अमेरिकन रसायनज्ञाने १८७२ साली त्याचे पेटंट घेतले, आणि पाणी अडविण्यात त्याची बरोबरी करणारे द्रव्य आजही विरळाच. मात्र नववी-दहावीतील ज्या मुलामुलींचा चेहरा तेलकट आहे व ज्यांना मुरुमे येतात, त्यांनी खोबरेलापासून दूर राहावे. त्याने छिद्रे बुजून मुरुमे वाढतात.

आता त्या पांढुरक्या चट्ट्यांविषयी. पोटात जंत झाले, कॅल्शियम कमी पडले, कोड उठले, असे नाना तर्क घरोघरी चालतात आणि मूल बिचारे बाकावर तोंड लपवून बसते. बहुधा तो कोरड्या त्वचेचा सौम्य दाह असतो. शाळकरी वयात तो पुष्कळांना होतो. तो एकाचा दुसऱ्यास लागत नाही. रोज लेप लावल्यास खरखर कमी होते. रंग परतण्यास मात्र महिनेही लागतात. तेवढा धीर धरावा. चट्टा दुधासारखा पांढराशुभ्र व स्पष्ट कडेचा असेल, अथवा त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि तो रोग औषधाने पूर्ण बरा होतो.

पालकांना एक आग्रहाची विनंती. मुलगी उजळ दिसावी म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून कोणतेही मलम आणू नये. कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. पहिले पंधरा दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मलम थांबविताच आग होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून अशी नळी घरात येता कामा नये.

भिरंडेलाचा गोळा कोरड्या डब्यात झाकून ठेवावा. ओला हात लागू देऊ नये. खवट वास आल्यास तो टाचांसही न लावता टाकून द्यावा. वैशाखात नव्या बिया मिळतातच.