अडलेली खुर्ची

प्रस्तावना

रस्त्यात चपलेचा अंगठा तुटला, तर चालणारा माणूस चपला हातात घेतो आणि पलीकडे जातो. विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत बसलेल्या व्यक्तीची खुर्ची भर रस्त्यात थांबली, तर तिला असा मार्ग नसतो. भोवती माणसे जमतात. कोणी मागून रेटतो, कोणी खुर्चीच्या हाताला धरून ती उचलू पाहतो. खुर्ची जड असते; शिवाय तिची चाके जखडलेली असतात, त्यामुळे ती तसूभरही हलत नाही. नेमके काय करावे, हे त्या घोळक्यात ठाऊक असलेच, तर ते बहुधा एकाच व्यक्तीला असते, आणि ती व्यक्ती खुर्चीत बसलेली असते. तिलाही ते ठाऊक नसेल, तर प्रसंग कठीण होतो.

प्रस्तुत पाठ हे माहितीपर लेखन आहे. खुर्चीचे नियंत्रण कसे चालते आणि ती अडली तर शोध कोठून सुरू करावा, हे यात सांगितले आहे. वाचताना कारण आणि परिणाम जोडणाऱ्या वाक्यांकडे लक्ष द्यावे.

दोन मोटारी, एक दांडी

दुसऱ्या महायुद्धात मान किंवा पाठीचा कणा दुखावल्यामुळे अनेक सैनिकांचे हातपाय निकामी झाले. हातांनी चाके फिरवण्याची खुर्ची त्यांच्या उपयोगाची नव्हती. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील अभियंता जॉर्ज क्लाइन यांनी अशा सैनिकांसाठी १९५० च्या दशकात विजेवर चालणारी खुर्ची सिद्ध केली. प्रत्येक चाकाला स्वतंत्र गती आणि नियंत्रणासाठी एक छोटी दांडी, ही तिची वैशिष्ट्ये आजच्या खुर्च्यांतही टिकून आहेत. या दांडीला जॉयस्टिक म्हणतात.

खुर्चीच्या डाव्या चाकाला एक मोटार असते आणि उजव्या चाकाला दुसरी. दोन्ही सारख्या वेगाने फिरल्या की खुर्ची सरळ जाते. उजवी मंदावली की खुर्ची उजवीकडे वळते. एक पुढे आणि दुसरी मागे फिरली, तर खुर्ची जागच्या जागी गिरकी घेते. म्हणूनच तिला सुकाणू लागत नाही. आपल्याकडे रस्त्यांवर अधिक दिसणारी बॅटरीवरची तीनचाकी निराळी. तिला दुचाकीसारखे हँडल असते. प्रस्तुत पाठातील माहिती तिला जशीच्या तशी लागू पडत नाही.

जॉयस्टिक ज्या दिशेला कलवावी त्या दिशेला खुर्ची जाते. जितकी अधिक कलवावी तितका वेग वाढतो. अर्थात, वेगाची कमाल मर्यादा वेगळ्या कळीने आधी ठरवलेली असते. स्वयंपाकघरात ती अगदी कमी ठेवणे शहाणपणाचे. जॉयस्टिक सोडली की आतील स्प्रिंग तिला मधोमध आणते आणि खुर्ची थांबते. थांबण्यासाठी काही करावे लागत नाही, करणे थांबवावे लागते. नवशिक्यांची चूक नेमकी इथे होते: घाबरलेला माणूस दांडी सोडण्याऐवजी अधिकच घट्ट धरतो. सवय मोकळ्या मैदानात करावी, ती यासाठी.

ज्यांच्या हातांत ही दांडी हलवण्याइतकीही शक्ती नसते, त्यांच्यासाठी हनुवटीने, डोक्याच्या हालचालीने किंवा नळीत श्वास सोडून व ओढून चालवण्याची साधने असतात. साधन बदलले तरी मोटारींना मिळणारा आदेश तोच असतो.

खुर्ची नकार देते तेव्हा

जॉयस्टिक आणि मोटारी यांच्यामध्ये नियंत्रक नावाची इलेक्ट्रॉनिक पेटी असते. खुर्ची सुरू करताच ती सर्व जोडण्या तपासते. काही शंका आली, तर ती मोटारींना वीज देत नाही. म्हणजे अडलेली खुर्ची बहुतेक वेळा मोडलेली नसते. तिने चालण्यास नकार दिलेला असतो आणि त्या नकाराला कारण असते.

सर्वांत सामान्य कारण अगदी क्षुल्लक वाटावे असे आहे. सुरू करण्याची कळ दाबताना हात किंवा शालीचे टोक जॉयस्टिकवर पडलेले असते. दांडी मधोमध नाही, तेव्हा सुरू होताच खुर्ची अचानक धावेल, हे ओळखून नियंत्रक तिला अडवतो. हात काढावा, खुर्ची बंद करावी आणि पुन्हा सुरू करावी. दुसरे कारण चार्जरचे. चार्जर जोडलेला असताना खुर्ची चालत नाही, अन्यथा ती तारेसकट निघाली असती. तिसरे कारण, मागे कोणीतरी सोडून ठेवलेली तरफ. तिच्याविषयी पुढे सविस्तर येईल. लांब चढ चढल्यावर खुर्ची मंदावली किंवा थांबली, तर मोटारी अथवा नियंत्रक तापला असण्याचा संभव असतो. तेव्हा थोडा वेळ थांबणे हाच उपाय. सार्वजनिक इमारतींतील रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी असावी, असा संकेत आहे. प्रत्यक्षात पायऱ्यांवर टाकलेल्या फळीलाही रॅम्प म्हटले जाते, आणि त्याचा भार मोटारी सोसतात.

बहुतेक नियंत्रकांवर दिव्यांची एक ओळ असते. एरवी ती बॅटरीत किती वीज उरली हे दाखवते. चढावर दिवे एकाएकी कमी झालेले दिसतात आणि सपाटीवर पुन्हा वाढतात, त्याने गोंधळून जाऊ नये. दोष असेल तेव्हा हेच दिवे लुकलुकतात. किती दिवे किंवा किती वेळा, हे मोजून ठेवावे. बॅटरी, डावी मोटार, उजवी मोटार, ब्रेक, जॉयस्टिक अशा प्रत्येकाला स्वतंत्र अंक दिलेला असतो. मात्र एका कंपनीचा चार म्हणजे दुसऱ्या कंपनीचा चार नव्हे. आपल्या खुर्चीच्या पुस्तिकेतील त्या पानाची छायाप्रत खुर्चीच्या खिशात ठेवणे अनुभवी लोकांना सोयीचे वाटते.

पुष्कळदा शोध एका सैल जोडणीपाशी संपतो. खुर्ची बंद करून बॅटरीच्या आणि मोटारींच्या तारांची टोके घट्ट बसली आहेत ना, हे पाहावे. याहून पुढे जाऊ नये. बॅटरी उघडणे, नियंत्रक खोलणे किंवा फ्यूजच्या जागी साधी तार बसवणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात जॉयस्टिकच्या बुडाशी असलेल्या रबरी आवरणाकडे विशेष लक्ष द्यावे. ते फाटले की पाणी आत शिरते. आवरण बदलेपर्यंत वर प्लॅस्टिकची पिशवी बांधणे हा ओबडधोबड पण कामाचा उपाय आहे.

बॅटरीबद्दल थोडेच सांगायचे आहे. अनेक खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. त्या शिशाच्या असतील, तर वापरानंतर रोज रात्री चार्ज कराव्यात. रिकाम्या पडून राहिल्या की त्या लवकर निकामी होतात. जिथे रात्री वीज जाते, तिथे सकाळी दिवे पाहिल्याशिवाय लांब जाऊ नये.

ढकलण्याची वेळ

आता तरफेविषयी. खुर्चीचे ब्रेक उफराट्या रीतीने काम करतात. वीज असते तेव्हा ते सुटतात. वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने चाके धरतात. चढावर बॅटरी संपली तरी खुर्ची मागे घसरू नये, म्हणून ही योजना आहे. परंतु यामुळेच बंद पडलेली खुर्ची ढकलता येत नाही. ढकलण्यासाठी मोटारींजवळ एक किंवा दोन तरफा असतात. त्या फिरवल्या की मोटारींचा आणि चाकांचा संबंध तुटतो किंवा ब्रेक सुटतो. मग खुर्ची हातगाडीसारखी मोकळी होते आणि तिला मोटारींचा रोध उरत नाही.

हे वाक्य पुन्हा वाचावे. तरफ सुटलेली खुर्ची उतारावर असेल, तर तिला थांबवणारे मदतनिसाचे हात तेवढे उरतात. तरफ बहुधा मागे खाली असते आणि बसलेल्या व्यक्तीचा हात तिथे पोचत नाही. म्हणून अनोळखी मदतनिसाला आज्ञा देण्याचे काम तिलाच करावे लागते: "थांबा, अजून ढकलू नका. आधी मी खुर्ची बंद करते. आता मागचे हँडल घट्ट धरा. दुसऱ्या कोणीतरी खालच्या दोन्ही तरफा फिरवा. हळू न्या. पलीकडे पोचल्यावर तरफा पुन्हा होत्या तशा करा." शेवटची सूचना विसरली गेली, की दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा नकार देते आणि घरचे लोक कारागीर शोधू लागतात.

भाषाभ्यास

'खुर्ची थांबली' आणि 'नियंत्रकाने खुर्ची थांबवली' ही दोन वाक्ये पाहा. थांबणे या क्रियापदापासून थांबवणे हे प्रयोजक क्रियापद होते आणि क्रिया घडवणारा वाक्यात प्रकट होतो. कारागिराला फोनवर दोष सांगताना हा भेद उपयोगी पडतो. 'खुर्ची बिघडली' एवढ्यावरून त्याला काही कळत नाही.

स्वाध्याय

१. वीज गेल्यावर ब्रेक लागतात, अशी योजना का केली आहे, ते दोन वाक्यांत लिहा.

२. चालणे, सुटणे, फिरणे, अडणे यांच्यापासून क्रिया घडवण्याचा अर्थ असलेली क्रियापदे बनवा आणि ती खुर्चीविषयीच्या वाक्यांत वापरा.

३. तुमची किंवा परिचिताची खुर्ची फाटकापाशी अडली आहे, पाच दिवे लुकलुकत आहेत आणि चार्जर घरी आहे. कारागिराशी फोनवर होणारे संभाषण लिहा. पुढचा प्रश्न विचारण्यासाठी त्याला लागणारी सर्व माहिती त्यात यावी.