लॅम्डा एक्स्प्रेशन : काम एका ओळीचे, मग लिखाण पाच ओळींचे का?



चाचणी झाली की आपण गुणांची यादी लावतो. कमी गुणांची मुले वर घेतली, तर जादा तासाला कोणाला बसवायचे ते लगेच कळते. हीच यादी आज जावा भाषेत लावून बघू. (समजायला सोपे जावे म्हणून कोड देवनागरीत दिला आहे, संगणकावर तो इंग्रजीतच टाइप करायचा.)

जुनी पद्धत :

कलेक्शन्स.सॉर्ट(मुले, न्यू कंपॅरेटर<विद्यार्थी>() {
पब्लिक इंट कंपेअर(विद्यार्थी अ, विद्यार्थी ब) {
रिटर्न अ.गुण - ब.गुण;
}
});

मोजा बरं! पाच ओळी झाल्या. त्यात आपले काम फक्त तिसऱ्या ओळीत आहे. वजाबाकी ऋण आली तर अ आधी, धन आली तर ब आधी. बाकीचे लिखाण दरवेळी जवळजवळ तेच. याला बॉयलरप्लेट म्हणतात.

मार्च २०१४ मध्ये जावा ८ आली आणि हेच काम असे लिहिता येऊ लागले :

कलेक्शन्स.सॉर्ट(मुले, (अ, ब) -> अ.गुण - ब.गुण);

बाणाच्या डावीकडे काय मिळाले ते, उजवीकडे त्याचे काय करायचे ते. अ आणि ब हे विद्यार्थी आहेत, हे कंपायलर यादीवरून ओळखतो. कंपॅरेटरमध्ये आपल्याला एकच काम लिहून द्यायचे असते, म्हणून हे जमते. दोन कामे लिहायची असतील तर लॅम्डा चालत नाही.

लॅम्डा हे ग्रीक अक्षर. गणितज्ञ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात फंक्शन मांडण्यासाठी ते वापरले. तेच नाव पुढे आले.

आता महत्त्वाचे. चुकून ब.गुण - अ.गुण लिहिले तर यादी उलटी होते. पहिला आलेला मुलगा जादा तासाला बसतो आणि गरज असलेला घरी जातो. संगणक मात्र कोणतीही चूक दाखवत नाही! पाच ओळींच्या गर्दीत ही चूक नजरेतून सुटते, एका ओळीत पटकन दिसते. म्हणूनच लॅम्डा छोटाच ठेवा. त्यात दहा अटी कोंबल्या तर पुन्हा तीच गर्दी. अशा वेळी नाव देऊन वेगळी मेथड लिहिलेली बरी.

स्वाध्याय : सर्वांत जास्त हजेरी असलेली मुले वर येतील असा लॅम्डा लिहा. आधी वहीत लिहा, तीन मुलांची हजेरी घालून पडताळा, मगच संगणकावर चालवा.