नगराचा नकाशा

नगर म्हणजे केवळ घरांचा समूह नव्हे. रस्ते, जलवाहिन्या, गटारे, शाळा, दवाखाने ही त्याची परस्परांशी जोडलेली अंगे होत. वैद्यास जसे शरीररचनेचे ज्ञान हवे, तसे नगराचा कारभार पाहणाऱ्या नगरपरिषदेस या अंगांचे ज्ञान हवे. परंतु हे ज्ञान बहुधा निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेले असते. घरपट्टीची नोंदवही एका खोलीत, नळजोडण्यांची यादी दुसऱ्या खोलीत; आणि जमिनीखालचा नळ कोठे वळतो, हे पुष्कळदा एखाद्या जुन्या कामगाराच्या स्मरणातच असते. तो सेवानिवृत्त झाला, की ते ज्ञानही त्याच्याबरोबर घरी जाते!

ही विखुरलेली माहिती नकाशावर एकत्र आणणाऱ्या संगणकीय व्यवस्थेस ‘भौगोलिक माहिती प्रणाली’ म्हणतात. पारदर्शक कागदांवर एकाच गावाचे रस्ते, नळ व घरे वेगवेगळी रेखाटावीत आणि ते कागद एकमेकांवर ठेवून पाहावेत, तसे हे थर असतात. थर जुळले, की एकेकट्या नोंदवहीत न दिसणारे संबंध दिसू लागतात. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली. त्या वेळी डॉ. जॉन स्नो यांनी पटकीने झालेले मृत्यू घरांगणिक नकाशावर मांडले. ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेले आढळले. नकाशाने दूषित पाण्याकडे असे बोट दाखवले! पुढे १९६० नंतरच्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने कॅनडात हेच तत्त्व संगणकावर आले.

आता बालाघाटच्या डोंगररांगेतील आपले धाराशिव शहर घ्या. उजनी धरणाचे पाणी येथे दुरून आणावे लागते. म्हणून त्याचा थेंब न् थेंब मोलाचा. अशा शहराने प्रणालीची योजना करताना प्रथम यंत्रांची किंमत विचारू नये. आपल्या गरजा विचाराव्यात. नळ फुटला, तर पाणी कोठे बंद करावे? त्यामुळे कोणत्या गल्ल्या कोरड्या राहतील? टँकर प्रथम कोठे पाठवावा? या प्रश्नांवरून कोणते थर हवेत, ते ठरते. मग प्रत्येक घरास एकच क्रमांक द्यावा, म्हणजे सर्व दप्तरांतील नोंदी परस्परांशी जुळतील. एका वॉर्डात प्रत्यक्ष फिरून नकाशा पडताळावा आणि चुका सुधारल्यावरच काम पुढे न्यावे.

नकाशा काढण्याहून तो खरा राखणे कठीण. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात आपल्या जिल्ह्यातील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. पुढे कित्येक गावे नव्या जागी वसली. त्यांचे जुने नकाशे निरुपयोगी ठरले. भूकंपाने जे क्षणात घडते, ते शहरात रोज थोडेथोडे घडत असते. नवे घर उठते, नळ बदलतो, रस्ता रुंदावतो. असा प्रत्येक बदल तत्काळ नोंदवण्याचे उत्तरदायित्व एका निश्चित अधिकाऱ्यावर हवे. अन्यथा मजूर चुकीच्या जागी खणतील आणि बंब बुजलेल्या वाटेने धावेल. खोट्या नकाशावर विसंबणे हे नकाशा नसण्याहून घातक होय.

मोजणीदार दाराशी आला असता त्यास खरी माहिती देणे, हा नागरिकाचा धर्म होय. नगराचा नकाशा शासन काढते. तो खरा राहतो तो सर्वांच्या सचोटीने.

स्वाध्याय
१. नळाची माहिती केवळ कामगाराच्या स्मरणात असल्यास कोणती हानी होते?
२. प्रणालीच्या योजनेत प्रथम प्रश्न का ठरवावेत?
३. आपल्या गल्लीचा नकाशा काढून त्यात नळ, दिवे व गटारे दाखवा.