विद्यापीठीय ग्रंथसंग्रह आणि ग्रंथपालाचा अधिकार

विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणता ग्रंथ यावा, हे कोणी ठरवावयाचे? प्रश्न वरकरणी कार्यालयीन वाटतो. परंतु उद्याच्या संशोधकाच्या हाताशी काय असेल, हे त्याच्या उत्तरावरच अवलंबून असते.

भारतीय विद्यापीठांतील रूढ पद्धती अशी, की विभागप्रमुखांनी याद्या द्यावयाच्या, ग्रंथालय समितीने त्या संमत करावयाच्या आणि ग्रंथपालाने पुस्तके मागवून दाखलनोंद वहीत चढवावयाची. या व्यवस्थेत ग्रंथपाल हा भांडारपालच ठरत असे. एखाद्या प्राध्यापकाच्या आवडीचा विषय कपाटे भरून राही व शेजारचा विषय उपाशी राही. मार्चअखेर अनुदान खर्ची घालण्याच्या घाईत तर निवड हा शब्दच अपुरा पडे.

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. गणिताचे हे अध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, ही सूत्रे त्यांनी १९३१ मध्ये आपल्या पंचसूत्रीत मांडली. ती मान्य केली म्हणजे वाचकांची गरज ओळखून ग्रंथ निवडणे हे ग्रंथपालाचे मुख्य कार्य ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथपालाचा दर्जा व वेतन अध्यापकांच्या बरोबरीचे असावे, असा आग्रह तिने धरला. तो रास्तच होता. ज्याला अध्यापकांच्या बैठकीत स्थान नाही, त्याचा शब्द ग्रंथनिवडीत कोण मानणार?

हा अधिकार पुरता रुजण्यापूर्वीच संग्रहाचे स्वरूप पालटले. शोधनियतकालिके संगणकावर आली आणि प्रकाशक ती सुटी न विकता गठ्ठ्याने विकू लागले. एकेकट्या विद्यापीठाला ही वर्गणी झेपणारी नव्हती. म्हणून २००४ पासून अनुदान आयोगाच्या योजनेतून, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत, अनेक विद्यापीठांसाठी ती एकत्रित घेतली जाऊ लागली. पुढे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिके व ६,३०० हून अधिक शासकीय संस्था असा तिचा विस्तार आहे. आडगावच्या शासकीय महाविद्यालयालाही त्यामुळे जागतिक संशोधन खुले झाले, हा लाभ लहान नव्हे. मात्र निवडीचे केंद्र विद्यापीठाबाहेर गेले. शिवाय वर्गणीने मिळतो तो वाचनाचा हक्क. विकत घेतलेला अंक कपाटात राहतो, तसे येथे गृहीत धरता येत नाही.

महाराष्ट्रात २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने ग्रंथालय ‘ज्ञानस्रोत केंद्र’ झाले, त्याचा प्रमुख संचालक झाला. पदनाम भारदस्त झाले खरे. अधिकाराची कसोटी मात्र अन्यत्र आहे. जिल्ह्यातील छोट्या प्रकाशकाचा मराठी ग्रंथ, बंद पडलेल्या नियतकालिकाचे जुने अंक, स्थानिक इतिहासाची कागदपत्रे यांपैकी काहीही आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या गठ्ठ्यातून येत नाही. ते शोधून, पारखून, वेळीच मिळवावे लागते. त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद आणि ती खर्च करण्याची मोकळीक ग्रंथपालाला हवी. प्रत्येक दुर्मिळ पुस्तकासाठी तीन दरपत्रके मागविली गेली, तर ते पुस्तक तोवर रद्दीच्या दुकानातूनही नाहीसे झालेले असते.