लग्नानंतरची वीस वर्षे



धोंडो केशव कर्वे यांच्या धैर्याचा विषय निघाला की ११ मार्च १८९३ ही तारीख पुढे येते. त्या दिवशी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केले. त्यांच्या गावच्या, मुरूडच्या, लोकांनी ठराव करून बहिष्कार घातला. सख्ख्या आईला मुलाला उजळ माथ्याने घरात घेता येईना. हे धैर्य मोठेच, पण तो एकदा घेतलेला निर्णय होता. नव्याने संस्थेची सूत्रे हाती घेणाऱ्याने त्यापुढची वीस वर्षे पाहावीत.

लग्नाच्याच वर्षी कर्व्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आले की पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या विधवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि शिकून पायावर उभे राहण्याची गरज मात्र सगळ्यांनाच. म्हणून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला आणि तो पुनर्विवाहाच्या चळवळीपासून जाणीवपूर्वक वेगळा ठेवला गेला. आश्रमात मुलींची लग्ने लावून देतात असा बोभाटा झाला असता, तर कोणत्या बापाने विधवा लेक तिथे पाठवली असती? सनातनी रागावलेले होतेच, आता सुधारकांनाही कर्वे कच खाताहेत असे वाटू लागले. दोन्हीकडचे बोल ऐकून घेणे आणि तरीही आश्रमाची घडी न मोडणे, हे लग्नापेक्षा अवघड म्हणावे लागेल. कर्वे स्वतः भिडस्त होते, सभा गाजवणारे वक्ते नव्हते, हे इथे लक्षात घ्यावे.

पुण्यात प्लेग आला आणि १९०० मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्याला एका झोपडीत हलला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणिताचे तास, संध्याकाळी पायी हिंगणे, तिथे मुलींना शिकवणे आणि सकाळी परत कॉलेज. पावसाळ्यात वाट चिखलाची. घर-संसार शहरात, तो आनंदीबाईंनी, म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाईंनी, ओढला. सातत्याचे गोडवे गाताना ही बाजू सहसा झाकली जाते. एकाचा नेम पाळला जातो तेव्हा त्याचा भार आणखी कोणीतरी उचलत असते.

माणसे पुढे आणण्यातही कर्व्यांची नजर दिसते. आनंदीबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले विशीपर्यंत निरक्षर होती. त्याच पार्वतीबाई आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या आणि १९१८ मध्ये अमेरिकेला जाऊन, घरकाम करत इंग्रजी शिकल्या. १९०८ मध्ये कर्व्यांनी निष्काम कर्ममठ काढला, तोही संस्थेला आजन्म कार्यकर्ते मिळावेत म्हणून. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांचे धैर्य कदाचित बापाहून तिखट होते. खटले अंगावर घेत १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचे मासिक चालवले. पण १९५३ मध्ये ते गेले आणि मासिकही थांबले. यामुळे त्यांची योग्यता उणावत नाही. संस्था चालवायची असेल तर मात्र वडिलांचा धडा गिरवावा लागतो.

कामाचा अर्थ कर्व्यांना पहिल्या दिवशीच पुरता गवसला होता असे दिसत नाही. विधवांना शिकवताना कुमारिकांच्या शिक्षणाची निकड कळली आणि १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. १९१४ मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचनात आली आणि १९१६ मध्ये मातृभाषेतून शिकवणारे महिला विद्यापीठ उभे राहिले. विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी मिळाली ती १९२० मध्ये. तोवर काम चालले ते किरकोळ वर्गण्यांवर. देणगीदार दारात येईपर्यंत वर्ग भरवायचे थांबले नाहीत, आणि देणगी मिळाल्यावर वर्गणीची वहीही मिटली नाही: १९३६ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, कर्वे खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी पुण्यात दारोदार हिंडून लहानसहान रकमा गोळा करत होते.