लहरी आणि तार : दूरचित्रवाणीच्या मालकीचे दोन कायदे

छपरावरील अँटेनाने दूरदर्शनचे कार्यक्रम पाहणारा प्रेक्षक आणि गल्लीतील केबलचालकाकडून जोडणी घेणारा प्रेक्षक, या दोघांच्या पडद्यावरील चित्र एकच असले तरी त्यामागील मालकीचा कायदा एक नव्हता. किंबहुना तो परस्परविरुद्ध दिशांनी वाढत गेला.

प्रक्षेपण केंद्रांच्या मालकीचे मूळ १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात सापडते. तारायंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार या अधिनियमाने केंद्र सरकारकडे ठेवला आणि बिनतारी संदेशवहनही पुढे त्याच कक्षेत आले. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत ३१ व्या नोंदीखाली प्रक्षेपणाचा विषय केंद्राकडे सोपविण्यात आला. त्यामुळे १९५९ मध्ये दिल्लीत आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत सुरू झालेली केंद्रे केंद्र सरकारच्याच मालकीची होती. १९९७ मध्ये ही जबाबदारी प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाकडे गेली. जमिनीवरील मनोऱ्यांवरून दूरचित्रवाणी प्रक्षेपण करण्याची मुभा खाजगी संस्थांना मात्र कधीच मिळाली नाही.

केबलचा जन्म याच्या अगदी उलट, सरकारला न विचारताच झाला. १९८० नंतरच्या दशकात मुंबईतील इमारतींमधून एका व्हिडिओ यंत्राला तारा जोडून घरोघरी चित्रपट दाखविले जाऊ लागले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गच्च्यांवर उपग्रहाच्या तबकड्या आल्या. तार रस्ता ओलांडून पलीकडे कोणाच्या परवानगीने गेली, हे बराच काळ कोणी विचारले नाही. अखेर केबल टेलिव्हिजन नेटवर्क (विनियमन) अधिनियम, १९९५ संमत झाला. केबलचालक भारतीय नागरिक असावा, आणि कंपनी असल्यास तिचे किमान ५१ टक्के भागभांडवल भारतीय नागरिकांचे असावे, अशी अट त्यात घालण्यात आली. नोंदणी करावयाची ती मुख्य डाकघरात! २०२५ मध्ये ती ऑनलाइन झाली.

त्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. न्या. पी. बी. सावंत यांचा या पीठात समावेश होता. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांचे नियमन सार्वजनिक प्राधिकरणाने करावे, असे न्यायालयाने म्हटले. मक्तेदारी सरकारची असो वा खाजगी, ती विचारस्वातंत्र्याला पोषक नाही, हेही न्या. जीवन रेड्डी यांनी स्पष्ट केले.

मग राज्य सरकारने केबल चालवावी काय? तामिळनाडूने २००७ मध्ये अरसू केबल महामंडळ स्थापिले आणि २०११ मध्ये दरमहा ७० रुपयांत सेवा देऊ केली. ग्राहकाच्या दृष्टीने हे स्वस्त होते, यात शंका नाही. परंतु वाहिनी दाखविणारी तार ज्याच्या हाती, त्याच्याच कारभारावर टीका करणाऱ्या वाहिनीचे काय होणार, ही शंकाही रास्त आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००८ आणि २०१२ मध्ये शिफारस केली की, राज्य सरकारे, नगरपालिका, पंचायती राज संस्था व राजकीय पक्ष यांना प्रक्षेपणात वा वितरणात प्रवेश नसावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने सूचनापत्र काढून, वितरणात असलेल्या सरकारी संस्थांनी ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत त्यातून बाहेर पडावे आणि प्रक्षेपण करावयाचे झाल्यास प्रसार भारतीमार्फतच करावे, असे कळविले. स्वायत्त म्हटली तरी प्रसार भारती ही केंद्राच्याच कायद्याने उभी राहिलेली संस्था असल्याने राज्यांना हे एकतर्फी वाटले, तर नवल नाही.

एखाद्या ग्रामपंचायतीने स्वनिधीतून गावासाठी केबल केंद्र काढण्याचा ठराव केला, तर तो या धोरणाशी विसंगत ठरेल. समाजमंदिरात संच बसवून प्रसार भारतीची मोफत ‘डीडी फ्री डिश’ सेवा घेण्यास मात्र हे धोरण आड येत नाही. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखविणे अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे केबलचालकावर बंधनकारक आहे. तो त्या दाखवीत नसल्यास पंचायतीने जिल्हाधिकारी अथवा उपविभागीय दंडाधिकारी यांच्याकडे तक्रार करावी. कायद्याने प्राधिकृत अधिकारी तेच आहेत.